एक्स्पोर्ट, लोकल आणि बेदाणा

परवा सकाळी वहिनींचा फोन आला. "ताई, थिनिंग सुरू केलंय बरं का. थंडी अशी मेली पडलीय, कात्री बोटांत धरवत नाही. शनिवारी येताय ना?" त्यांचं वाक्य संपायच्या आत मागून दादा ओरडला, "तिला म्हणावं, शुक्रवारचा पिक्चर बघूनच ये. इथं बायका वाट बघतायत!"

फोन ठेवून मी गॅलरीत आले. नाशिकला, आमच्या इंदिरानगरात थंडी उशिरा पोचते, तीही बिल्डिंगांच्या मधून अंग चोरत. पण त्या सकाळी तिला बागेतल्या थंडीचा वास होता, निदान मला तरी आला. ओल्या मातीचा, पानांवर मारलेल्या औषधाचा, वेलींच्या मंडपाखाली बसून खाल्लेल्या भाकरी-ठेच्याचा. पेपरात नव्या पिक्चरची पानभर जाहिरात होती. दाढीवाला हिरो, हातात कसलंसं हत्यार, पाठीमागे आग. म्हटलं, घ्या, दादाचं गिऱ्हाईक आलं.

आमच्या माहेरी थिनिंग आणि पिक्चर ही दोन्ही कामं बरोबरीने चालतात. ज्यांच्या घरी द्राक्षबाग नाही त्यांच्यासाठी सांगते. घडात मणी दाटीवाटीने लागतात. ते तसेच राहू दिले तर एकमेकांना चेंगरून कुणीच धड मोठं होत नाही. म्हणून बारीक कात्रीने मधले मणी कापून काढायचे. एक घड झाला की दुसरा, एक वेल झाली की पुढची. हात वर, मान वर, दिवसभर. याच्याइतकं कंटाळवाणं काम दुसरं नसेल. सुरगाण्याकडच्या बायका येतात त्या कामाला, वर्षानुवर्षं त्याच. आल्या आल्या त्यांचा पहिला प्रश्न असतो, "दादा, औंदा ष्टोरी कोनती?"

ष्टोरी म्हणजे दादाने नुकत्याच पाहिलेल्या पिक्चरची गोष्ट. दादा माझा थोरला भाऊ. दिंडोरीकडे आमची बाग आहे, ती तोच बघतो. बी. एस्सी. अ‍ॅग्री झाला, नोकरी मिळत होती, पण नाशिकला राहिलो तर रोज पिक्चर बघीन आणि वाया जाईन, असं सांगून गावी आला. वाया जायचं ते गेलाच. शुक्रवारी पिक्चर बघायचा आणि सोमवारपासून मंडपाखाली हात चालवत चालवत सांगायचा. अडीच तासांचा पिक्चर त्याच्या तोंडी दोन-दोन दिवस पुरतो. मारामारीत तो कात्री हवेत फिरवतो, हिरॉईनच्या आईचं रडणं स्वतः रडून दाखवतो, आणि इंटरव्हल नेमका जेवणाच्या वेळी करतो. गाणं आलं की तेवढं गाळतो. म्हणतो, "आता चार मिनिटं हे दोघं बर्फात नाचतात. तेवढ्यात तुम्ही ती ओळ संपवा."

गोष्ट संपली की निकाल. दादाकडे स्टार-बिर काही नाहीत. त्याच्याकडे पिक्चरच्या तीन जाती आहेत. एक्स्पोर्ट, लोकल आणि बेदाणा. एक्स्पोर्ट म्हणजे कुठंही पाठवा, मान खाली जाणार नाही. लोकल म्हणजे आपल्या आपल्यात गोड आहे. आणि बेदाणा म्हणजे जो कुठेच खपणार नाही, सुकवायलाच टाका. "मणी फुगवलाय नुसता, आत पाणी," हे त्याचं आवडतं वाक्य. बिग बजेटवाल्या निम्म्या पिक्चरांचं त्याने या एका वाक्यात वाटोळं केलंय.

मीही काही कमी नाही. आम्ही दोघं एकाच टॉकीजच्या बाकड्यांवर वाढलो. मला विचाराल तर अलीकडच्या पिक्चरांना एकच रोग झालाय, संपायचं कसं ते त्यांना कळत नाही. पावणेतीन तास बसवून ठेवतात आणि शेवटी कुणीतरी अंधारातून चालत येतं, चेहरा दाखवत नाहीत, आणि म्हणे भाग दोनमध्ये भेटू. अरे, माझं तिकीट भाग एकचं होतं, त्याचा हिशेब कुणी पुरा करायचा? हिरो दरवाजातून आत येतो तेही इतकं सावकाश, की तेवढ्या वेळात माझी कणीक मळून होईल. ऐतिहासिक पिक्चरांत तर 'पाणी द्या' हेसुद्धा ओरडून सांगतात. भुताचे विनोदी पिक्चर मात्र मला आवडतात, त्यावरून दादा मला अजून चिडवतो. आणि मधूनच कुठूनतरी एखादा लहानसा मराठी पिक्चर येतो, ज्यात चार माणसं, एक स्वयंपाकघर, आणि कुणी कुणाला काही मोठं बोलत नाही. असा पिक्चर बघून आले की मी दोन दिवस घरात सगळ्यांशी नीट वागते. आमचे हे म्हणतात, असे पिक्चर सरकारने फुकट दाखवायला हवेत.

मागच्या एका वर्षीचं सांगायचंय ते असं, की त्या थंडीच्या आधीच्या उन्हाळ्यापासून दादाची मतं बदलायला लागली होती. प्रथम तो म्हणायला लागला, "हल्लीचे नट तोंडातल्या तोंडात बोलतात." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. खरंच तर आहे! मी तर हे मत माझं म्हणून आमच्या पतपेढीत सगळ्यांना ऐकवलं. मग म्हणाला, "म्युझिक केवढं वाजवतात, डायलॉग गाडून टाकतात." तेही पटलं. मग म्हणाला, "या सगळ्यांच्या दाढ्या काढा आधी, कोण काय बोलतंय समजत नाही." यावर आम्ही पोट धरून हसलो. काय माणूस आहे, म्हटलं, दाढीवरून पिक्चर पाडतोय.

पण त्यानंतर त्याची आवडच घसरली. दक्षिणेकडून डब होऊन आलेले, ज्यात पहिल्या मिनिटापासून गाड्याच उडतात, तेवढेच पिक्चर त्याला बरे वाटायला लागले. "दादा, तुला झालंय काय?" मी म्हणायची, "अरे, तू चांगल्या पिक्चरसाठी भर लग्नातून उठून गेलेला माणूस!" तो नुसता हसायचा. आणि मग हळूहळू सगळेच पिक्चर त्याला चांगले वाटायला लागले. कसा होता? चांगला होता. आणि तो परवाचा? तोही चांगला. एक्स्पोर्ट नाही, लोकल नाही, बेदाणा नाही. नुसतं 'चांगला होता'.

हे ऐकायला काही वाईट नाही, पण आमच्या घरात 'चांगला होता' हे कुणाच्या तेराव्याच्या जेवणाबद्दल बोलतात.

थंडी पडली, थिनिंग सुरू झालं आणि वहिनींचा फोन आला. नेहमीच्या मोठ्या आवाजातला नव्हता. "ताई, एकदा येऊन जाता का? हे ष्टोरी सांगेनात." मी म्हटलं, कंटाळा आला असेल. "कंटाळा नाही हो," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "अण्णांसारखं बघतात."

मी म्हटलं, शनिवारी येते.

अण्णा म्हणजे आमचे वडील. शेवटची काही वर्षं त्यांना काही म्हणता काही आठवत नव्हतं. सुरुवात अशीच झाली होती. विचारावं एक, उत्तर यायचं भलतंच. मग बोलणंच कमी झालं. कुणी हाक मारली की हातातलं सोडून ते त्या माणसाच्या तोंडाकडे बघत राहायचे. कोरं, समजुतीचं, जरासं हसरं बघणं. त्या बघण्यात आपण कुठेच नाही हे आम्हाला समजायला वर्ष लागलं. शेवटी शेवटी मी समोर बसलेली असायचे आणि ते मला म्हणायचे, "बाई, आमची शोभा आली का हो?" मी म्हणायची, येईल हं, वाटेत आहे.

मी त्या शनिवारी गेले. मंडपाखाली तोच हिरवा अंधार, तीच कात्र्यांची कटकट, पण माणसाचा आवाज नाही. हिराबाई, जी आमच्या बागेत सगळ्यात जुनी, तिने मला बघून कात्री थांबवली. "ताई, दादा रुसलं का आमच्यावर? पार मुकं झालंय. आमी आपलं मोबाईलवर गानी लावतो, पन त्याला काय मजा नाय." मी ओळीच्या टोकाशी गेले. दादा पाठमोरा होता. "दादा," मी म्हटलं. तो घड फिरवत राहिला. "दादा!" मग तो वळला, हात थांबवला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला. कोरं, समजुतीचं, जरासं हसरं.

मी पाणी प्यायला म्हणून तिथून निघाले आणि पंपाच्या खोलीमागे जाऊन रडले.

खात्री करायची म्हणून आम्ही त्याला नाशिकला पिक्चरला नेलं. आता विचार केला की हसू येतं, माणसाची स्मृती तपासायला कुणी मल्टिप्लेक्सला नेतं का? पण आम्हाला दुसरी परीक्षा माहीतच नव्हती. नवरा-बायकोच्या भांडणाचा पिक्चर होता, सगळा बोलण्याचा, आणि खरंच बरा होता. दादा सगळ्यांबरोबर हसला. अर्धा क्षण उशिरा हसला, हे वहिनींनी टिपलं. पार्किंगमध्ये मी सहज विचारावं तसं विचारलं, "काय रे, शेवटी ती त्याला सोडून का गेली असेल?"

"कोण?" दादा म्हणाला.

वहिनींनी माझा हात धरला. तो इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. दादा म्हणाला, "चांगला होता पण," आणि गाडीत जाऊन बसला.

मेंदूच्या डॉक्टरांची वेळ सोमवारची मिळाली. दादाला सांगितलं, साठीजवळ आलास, जनरल चेकअप. ती दोघं रविवारीच आमच्याकडे राहायला आली. जेवणं झाली. स्वयंपाकघरात मी आणि वहिनी भांडी आवरत होतो, म्हणजे मी एकच ताट परत परत पुसत होते. वहिनी अगदी शांतपणे म्हणाल्या, "ताई, मला विसरले तरी चालेल. पण त्यांना बाग विसरायला नको हो." मी म्हटलं, चहा टाकते.

बाहेर आमच्या ह्यांनी मल्याळम पिक्चर लावला होता. यांना तो एक नाद आहे. भाषेचा एक शब्द कळत नाही, खाली इंग्रजी ओळी येतात त्या वाचत बसतात. गावातल्या एका विहिरीत प्रेत सापडतं, आणि मग सगळं गाव एकमेकांकडे संशयाने बघायला लागतं, असा काहीतरी. दादा त्यांच्याशेजारी लोडाला टेकून बसला होता. मी चहा घेऊन बाहेर आले आणि दारातच थांबले, कारण दादा बोलत होता.

"जावईबापू, तो पोस्टमन बघा. पहिल्यांदा म्हणाला, मी सकाळी विहिरीकडे गेलोच नव्हतो. आता म्हणतो, दोर तिथं पडलेला पाहिला. कसा पाहिला? सरळ आहे, खुनी तोच आहे. आणि डायरेक्टरला वाटतंय आपल्याला कळलं नाही! पहिला अर्धा भाग काय भारी बांधलाय हो, पण आता साखर उतरेना. एक्स्पोर्टचा माल होता, शेवटी पाऊस लागला, लोकलला गेला."

पोस्टमनच निघाला. ते सोडा. माझ्या हातात चहाचा ट्रे, आणि डोक्यात काहीतरी खटकन बसलं. पहिल्या सीनमधलं वाक्य या माणसाला शेवटच्या सीनमध्ये आठवतंय. ज्याला परवा साधी हिरॉईन आठवत नव्हती! फरक काय? परवा ऐकायचं होतं. आज वाचायचं होतं.

मी ट्रे खाली ठेवला, त्याच्या पाठीमागे जाऊन उभी राहिले आणि नेहमीच्या आवाजात म्हटलं, "दादा, तुझी बाग मी विकून टाकली."

दादा चहा ओतून घेत होता. घेत राहिला. आमचे हे मात्र दचकून माझ्याकडे बघायला लागले.

"दादा, तू बेदाणा आहेस."

दादाने बशीत फुंकर मारली.

मी जी हसत सुटले ती थांबेचना. खाली बसले, पदराने डोळे पुसले, परत हसले. वहिनी हात पुसत बाहेर आल्या, त्यांना वाटलं हिला काय झटका आला की काय. मी दादाच्या समोर गेले, त्याचे दोन्ही खांदे धरले आणि सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असं ओरडले, "अरे गाढवा, तू बहिरा झालायस! नुसता बहिरा!"

मला नाही वाटत जगात कुणाला ही बातमी इतक्या आनंदाने कुणी दिली असेल. वहिनी तिथेच, भिंतीला टेकून, खाली बसल्या आणि देवाचं नाव घेत राहिल्या.

आणि दादा? दादाला माहीत होतं! पुरतं नाही, पण होतं. वर्षानुवर्षं फवारणीच्या ब्लोअरजवळ ट्रॅक्टरवर बसलेला माणूस, कानात कापसाचा बोळासुद्धा नाही. हळूहळू सगळं लांब गेलं, म्हणाला. बायकांचे आवाज आधी गेले. टॉकीजमध्ये बाकीचे हसले की हसायचं, हे जमवलं. हिरोचे ओठ दिसले तर बरं चालायचं, पण मेल्यांच्या दाढ्या! ष्टोरी मात्र जमेना. अर्ध्या ऐकलेल्या गोष्टी बायकांना काय सांगणार? "त्या विचारतात ना मधे मधे," तो म्हणाला, "मग काय झालं, ती काय म्हणाली. मला त्यांचा प्रश्नही ऐकू येत नव्हता आणि उत्तरही माहीत नव्हतं. म्हातारा झालो असं वाटायचं गं, शोभे. म्हटलं गप्प बसलेलं बरं." त्याला आमच्या मनात काय चाललंय याची कल्पनाही नव्हती. अण्णांचं नाव निघालं तेव्हा तो वहिनींना म्हणाला, "अगं वेडे, मला एकदा विचारायचं तरी." वहिनी म्हणाल्या, "विचारलं होतं. तुम्हाला ऐकू नाही आलं."

सोमवारी तरीही गेलो. डॉक्टरांनी दादासमोर कागद ठेवून, लिहून, मोठ्याने बोलून सगळं तपासलं आणि म्हणाले, स्मृती ठणठणीत आहे, कानांचं बघून घ्या. जिना उतरताना मला माझं वजन निम्मं झाल्यासारखं वाटत होतं. मी वहिनींना समोरच्या गाडीवर मिसळ खायला घातली आणि आम्ही दोघी ती भलत्या वेळी, घाम येईपर्यंत खाल्ली.

कानाच्या मशीनला दादाने थोडे आढेवेढे घेतले. एकदाचं बसवल्यावर पहिल्या दिवशी म्हणाला, "पंख्याला आवाज असतो, मी विसरलोच होतो." दुसऱ्या दिवशी म्हणाला, "तुझ्या वहिनीलाही असतो." सवय व्हायला दिवस लागले. मग तो स्वतःच म्हणाला, चला, पिक्चर बघू.

आग, हत्यार, दाढी, सगळं होतं त्या पिक्चरमध्ये. मी पडद्याकडे कमी आणि दादाकडे जास्त बघत होते. तो कानाला हात लावून पुढे वाकून बसला होता. हिरो आला, सावकाश. म्युझिक थांबलं. हिरो काहीतरी बोलला. दादा ताडकन सरळ बसला आणि भर थिएटरात, आपला आवाज किती मोठा आहे याचं भान नसलेल्या माणसासारखा म्हणाला, "अरे, हा तर खरंच तोंडातल्या तोंडात बोलतोय!"

मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "बरोबर आहे काका!" आणि अख्खी रांग हसली. मी इतकी हसले की पॉपकॉर्न सांडले. बाहेर येताना दादाने हिशेब चुकता केला. "बेदाणा. तोही काळा पडलेला. मणी फुगवलाय नुसता, आत पाणी." वहिनी त्याच्याकडे अशा बघत होत्या, जणू काही तो कवितेत बोलतोय.

सोमवारी मी रजा टाकली आणि बागेत गेले. कडेचा प्लॉट उशिरा छाटलेला, त्याचं थिनिंग अजून चालू होतं. उन्हाचे कवडसे मंडपातून खाली पडले होते, कापलेले हिरवे मणी पायाखाली कुरकुरत होते. दादा मधल्या ओळीत, मशीनवरून टोपी ओढलेली, तोच बंडल पिक्चर सांगत होता. आणि खरं सांगते, त्याच्या तोंडी तो पिक्चर झकास झाला होता. हिरोला त्याने दोनदा दाढी करायला लावली, भाग दोन रद्द केला, आणि जिला पिक्चरमध्ये काहीच काम नव्हतं त्या हिरॉईनला एक शेत आणि एक कोर्टकेस देऊन टाकली. कात्र्या चालत होत्या. मी आणि वहिनी ओळीच्या टोकाला घड करत उभ्या होतो.

"मग ती कोर्टात जाते," दादा म्हणाला, "एकटी. आणि जज विचारतो..."

तेवढ्यात त्याच्या पाठीमागून, दोन ओळी सोडून, पानांच्या आडून हिराबाई हळूच म्हणाली, जशी आपली आपल्याशीच, "पन तिची माय कुडं गेली?"

वहिनींची कात्री थांबली. माझीही.

"सांगतो, सांगतो, थांब जरा," दादा म्हणाला आणि घड फिरवून मधला मणी कापला. त्याने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.